सदाशिव पेठेतली लॅब आणि दादाची अँटिथ्रॉम्बिनची तपासणी

पुण्यात साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड यांसाठी लॅब शोधत हिंडावं लागत नाही. पेठांमध्ये तर चार इमारतींमागे एक पाटी दिसते आणि ही रोजची कामं बहुतेक ठिकाणी व्यवस्थित होतात. रक्त गोठण्याच्या तपासण्यांची गोष्ट निराळी. नळीत रक्त किती भरलं, किती वेळाने मशीनमध्ये फिरवलं, पेशंटने सकाळी कुठली गोळी घेतली, यातल्या एकेका गोष्टीने आकडा बदलतो. आणि बदललेला आकडाही तितकाच सुबक छापून हातात येतो. टिळक रोडच्या मागच्या बाजूला, सदाशिव पेठेतल्या या छोट्या लॅबने माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हे सगळं ज्या पद्धतीने सांभाळलं, ते मधुमेह असलेल्या घरांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी नोकरी जीवरसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात गेली. त्यामुळे लॅबमध्ये गेले की माझं लक्ष आधी सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त फिरवायचं मशीन, कुठे आहे आणि फ्रीजच्या दारावर तापमानाची नोंद लावलेली आहे का, याकडे जातं. इथे दोन्ही गोष्टी काउंटरवरून दिसतात आणि नोंद रोजची असते.

दादा ६७ वर्षांचा. मधुमेह १८ वर्षांपासून. अंगाने सडपातळ, त्यामुळे सुरुवातीला नातेवाइकांपैकी कुणाचा विश्वासच बसेना. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत, की आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी आतून त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. दादा त्याचंच उदाहरण. साखर त्याने बरी सांभाळली, पण मधली काही वर्षं हलगर्जीत गेली आणि त्याची किंमत मूत्रपिंडांनी मोजली. गेली दोन-तीन वर्षं त्याच्या लघवीतून प्रथिन जातं, तेही थोडंथोडकं नाही. २४ तासांच्या लघवीत साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर त्याला नेफ्रोटिक पातळी म्हणतात; दादा त्या रेषेच्या पलीकडे आहे. पायावर सूज असायचीच. मग एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा जास्त सुजली, दुखायला लागली, आणि डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत, शिरेत गुठळी निघाली.

हॉस्पिटलमध्ये हेपरिन हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं. रक्त पुरेसं पातळ होतं आहे का, हे पाहायला तपासणी करायचे, पण डोस वाढवत नेला तरी अपेक्षित परिणाम दिसत नव्हता. डॉक्टरांना शंका आली ती अँटिथ्रॉम्बिनची. कारण हेपरिन स्वतः गुठळी थांबवत नाही. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन असतं. गुठळी तयार करणारी जी विकरं (एन्झाइम्स) आहेत, थ्रॉम्बिन आणि फॅक्टर टेन-ए ही त्यातली मुख्य, त्यांना ते प्रथिन पकडून निकामी करतं. ही विकरं म्हणजे प्रथिनं कापणारे प्रोटिएझ, आणि अँटिथ्रॉम्बिन हा त्यांचा रोधक. हेपरिन त्या रोधकाला चिकटून त्याचा वेग हजारपटीच्या घरात वाढवतं. रोधकच कमी असेल, तर हेपरिनने वेग वाढवायचा कुणाचा?

ही शंका लगेच तपासून काही उपयोग नव्हता. ताजी गुठळी असताना अँटिथ्रॉम्बिन खर्ची पडतं, हेपरिन चालू असतानाही ते खाली येतं, म्हणजे त्या दिवसांतला कमी आकडा काहीच सिद्ध करत नाही. डॉक्टरांनी दादाला रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी सुरू करून घरी सोडलं आणि काही आठवड्यांनी तपासणी करून आणायला सांगितलं.

पहिल्यांदा ती तपासणी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका कंपनीकडून झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. सकाळी मुलगा आला, चहा-गोळ्या झाल्यावर रक्त घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: अँटिथ्रॉम्बिन १०४ टक्के, नॉर्मल. ८० ते १२० च्या मधला आकडा, शेजारी हिरवी खूण. वहिनी सुटकेचा श्वास टाकून मोकळी झाली. डॉक्टरांना मात्र तो आकडा हेपरिनच्या अनुभवाशी जुळताना दिसेना. दुसरीकडे पुन्हा करून आणा, म्हणाले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ही लॅब सुचवली. ती स्वतः याच क्षेत्रात आहे आणि उगाच कुणाची भलामण करणारी नाही.

आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि बिल करायच्या आधी दादाला विचारलं, "काका, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कुठली? शेवटची कधी घेतली?" दादाने खिशातून पाकीट काढून दाखवलं. सकाळीच नाश्त्याबरोबर घेतली होती. ताई पाकीट घेऊन आत गेल्या आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"काका, आज मी रक्त घेतलं तर आकडा येईल. पण तो तुमच्या गोळीचा असेल, तुमचा नसेल."

मग त्यांनी आधीचा रिपोर्ट मागून घेतला, नीट पाहिला, आणि त्यात तपासणी कुठल्या पद्धतीची हे लिहिलेलंच नाही एवढं बोट ठेवून दाखवलं. कंपनीबद्दल वाईट शब्द काढला नाही. त्या दिवशी साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन एवढंच केलं, तेवढ्याचेच पैसे घेतले. अँटिथ्रॉम्बिनची तपासणी स्वस्त नाही. ती त्या दिवशी करून टाकली असती तर आम्हाला काही कळलंही नसतं. या एका नकारासाठी मी या लॅबला पैकीच्या पैकी गुण देते.

तो नकार का योग्य होता, ते सांगते. कारण बऱ्याच घरांत मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर आता या नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत.

अँटिथ्रॉम्बिनची तपासणी दोन तऱ्हेची असते. एकीत रक्तात ते प्रथिन किती आहे हे मोजतात, दुसरीत ते काम किती करतं हे मोजतात. डॉक्टर सहसा दुसरी सांगतात. त्यात पेशंटच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, हेपरिन आणि मोजून ठरलेलं जास्तीचं विकर घालतात, काही किटमध्ये थ्रॉम्बिन, काहींत फॅक्टर टेन-ए. प्लाझ्मातलं अँटिथ्रॉम्बिन त्यातलं जेवढं निकामी करेल तेवढं करतं. उरलेलं विकर किती, हे कळण्यासाठी एक रंगहीन पदार्थ घालतात. उरलेलं विकर तो तोडतं आणि पॅरानायट्रोअॅनिलीन सुटून पिवळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं विकर शिल्लक, म्हणजे रोधक तितका कमी. रंग फिका, तर रोधक भरपूर.

आता रिव्हारोक्साबॅन काय करतं? ते फॅक्टर टेन-ए ला स्वतःच थेट अडवतं. किट टेन-ए वर चालणारा असेल, तर प्लाझ्मातली गोळीही विकर अडवते, रंग फिका येतो, आणि मशीन ते सगळं श्रेय अँटिथ्रॉम्बिनला देऊन मोकळं होतं. गोळीमुळे आकडा फुगतो, आणि कमी असलेला माणूस नॉर्मल म्हणून घरी जातो. किट थ्रॉम्बिनवर चालणारा असेल तर रिव्हारोक्साबॅनचा अडथळा येत नाही. डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांचं याच्या बरोबर उलट: ती गोळी थ्रॉम्बिनला अडवते, म्हणून त्यांना टेन-ए चा किट हवा. इतकं सोपं आहे हे. पण त्यासाठी काउंटरवर कुणीतरी "कुठली गोळी?" हे विचारायला हवं.

मॅडमनी आमच्यासमोरच त्यांच्या नेहमीच्या मोठ्या लॅबला फोन लावला, कारण ही तपासणी त्या बाहेर पाठवतात आणि तसं स्पष्ट सांगतात. तिथला किट टेन-ए चा निघाला. मग त्यांनी थ्रॉम्बिनचा किट वापरणारी दुसरी लॅब शोधली, नमुना तिकडे पाठवायची सोय केली आणि दोन दिवसांनी फोन करून दादाला बोलावलं. गोळी बंद करायला सांगितलं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गुठळी झालेल्या माणसाने तपासणीसाठी म्हणून आपल्या मनाने रक्त पातळ करायची गोळी थांबवणं हा जिवाशी खेळ आहे. वहिनीने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "गोळीचं डॉक्टर ठरवतील. आपण तपासणी गोळीला धरून करू."

पिवळ्या रंगाची ही तपासणी पाहिली की मला आमच्या एम.एस्सी.चे दिवस आठवतात. पुणे विद्यापीठात आम्ही ट्रिप्सिन हे पचनाचं विकर घेऊन हेच करायचो. बीएपीएनए नावाचा पदार्थ, त्यातून सुटणारा तोच पिवळा रंग, ४१० नॅनोमीटरला मोजायचा. सीरम घातलं की रंग फिका पडायचा, कारण सीरममध्ये ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं भरपूर असतात. त्यात सगळ्यात जास्त वाटा अल्फा-वन-अँटिट्रिप्सिनचा. एका लीटर प्लाझ्मात ते एक ते दोन ग्रॅम असतं, अँटिथ्रॉम्बिनच्या कितीतरी पट. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती म्हणजे रोधक किती आहे हा एक प्रश्न आणि तो किती रोखतो हा दुसरा. मधुमेहात या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

याचं कारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीने सगळ्यांच्या ओळखीचं करून ठेवलं आहे. एचबीएवनसी म्हणजे ग्लुकोज चिकटलेलं हिमोग्लोबिन. पण ग्लुकोज काही फक्त हिमोग्लोबिन निवडून चिकटत नाही. रक्तात साखर जास्त असेल तर ती अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाला चिकटते, अँटिट्रिप्सिनला चिकटते, अँटिथ्रॉम्बिनलाही चिकटते. अँटिथ्रॉम्बिनमध्ये जिथे हेपरिन धरतं तिथे लायसिन नावाची अमिनो आम्लं असतात, आणि ग्लुकोजला चिकटायला लायसिन सोयीचं. १९८४ मध्ये मायकेल ब्राउनली आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं की ग्लुकोज चिकटलेल्या अँटिथ्रॉम्बिनचं हेपरिनच्या मदतीने होणारं काम मंदावतं. पुढे इटलीत अँटोनियो चेरिएल्लो यांनीही साखर वाढली की अँटिथ्रॉम्बिनची क्रियाशीलता घटते, हे मधुमेही लोकांच्या रक्तात पाहिलं. प्रथिन जागेवर आहे, संख्येने पुरेसं आहे, पण त्याचा हात ढिला पडला आहे. ही माहिती कुठल्याही पॅकेजच्या आकड्यात दिसत नाही.

दादाच्या बाबतीत मात्र दुसरं कारण जास्त मोठं होतं, आणि ते मॅडमनीच त्याला समजावून सांगितलं. मूत्रपिंडाची चाळणी मधुमेहाने सैल झाली की आधी अल्ब्युमिन निसटतं. अँटिथ्रॉम्बिनचा रेणू अल्ब्युमिनपेक्षा थोडा लहानच आहे, ५८ किलोडाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास; अल्ब्युमिन जिथून जातं तिथून तेही जातं. उलट अल्फा-टू-मॅक्रोग्लोब्युलिन हा तिसरा रोधक ७२० किलोडाल्टनचा अवाढव्य आहे. तो चाळणीतून जाऊच शकत नाही. शिवाय प्रथिनं कमी होताहेत म्हणून यकृत ज्या घाईने भरपाई करायला जातं, त्यात तो जास्तच तयार होतो. म्हणजे एकाच माणसाच्या रक्तात एक रोधक गळून कमी होतो आणि दुसरा साठून वाढतो. "प्रोटिएझ रोधक मधुमेहात कमी होतात की वाढतात?" असा सरसकट प्रश्न विचारला तर त्याला सरसकट उत्तर नाही, ते यामुळे. यात भर म्हणजे पीएआय-वन. शरीर तयार झालेली गुठळी विरघळवायला जे विकर वापरतं, त्याचा हा रोधक. टाइप २ मधुमेहात आणि पोटावरची चरबी वाढलेल्यांत तो बहुधा वाढलेला असतो. गुठळी थांबवणारा कमी आणि गुठळी विरघळू न देणारा जास्त, अशी दुहेरी अडचण होऊन बसते.

हे वाचून कुणी लगेच पीएआय-वनची तपासणी करायला जाऊ नये. डॉक्टर सांगत नाहीत तोवर त्याचा काही उपयोग नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हल्ली "संपूर्ण शरीर तपासणी" म्हणून जितके जास्त आकडे तितकं चांगलं, असं लोकांना वाटायला लागलं आहे. या लॅबच्या भिंतीवरही अशा पॅकेजचा एक फलक आहे आणि तो मला खटकला. जिथे मॅडम एका तपासणीसाठी इतका विचार करतात, तिथे पन्नास तपासण्या एकगठ्ठा विकणारा फलक शोभत नाही. मी तसं त्यांना सांगितलंही. लोक विचारतात म्हणून लावला, म्हणाल्या.

दुसऱ्या वेळचं रक्त काढणं मी जवळ उभी राहून पाहिलं. सगळ्यात आधी फिकट निळ्या बुचाची सायट्रेटची नळी (सायट्रेट रक्त गोठू देत नाही), मग बाकीच्या. नळीवर जी रेघ असते तिथपर्यंत बरोबर भरली. यात ३.२ टक्के सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग असं प्रमाण असतं. रक्त कमी पडलं तर हे प्रमाण बिघडतं आणि गोठण्याच्या सगळ्याच तपासण्या कमीअधिक चुकतात. दादाच्या शिरा आता पटकन सापडत नाहीत. ताईंनी पट्टा फार वेळ आवळून ठेवला नाही, पहिल्या हाताला जमेना तेव्हा तिथेच टोचत न बसता दुसरा हात घेतला. नळी जोरात हलवली नाही, सावकाश तीन-चार वेळा उलटीपालटी केली. लगेच आत नेऊन फिरवली, वरचा प्लाझ्मा काढून पुन्हा एकदा फिरवला, म्हणजे त्यात प्लेटलेट्स उरू नयेत, आणि मग गोठवून ठेवला. नमुना कोरड्या बर्फात गेला. घरी येऊन रक्त नेणारी मुलं दुपारपर्यंत दहा घरं फिरतात; त्यांच्या पिशवीत ही नळी किती वेळ राहते याची मला नेहमी काळजी वाटते. गोठण्याच्या तपासण्यांसाठी शक्यतो लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साखरेसाठी करड्या बुचाची फ्लोराइडची नळी वापरली, हेही नमूद करते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासागणिक आकडा उतरत जातो. जेवणानंतरच्या साखरेसाठी "पहिला घास कधी घेतला?" असं विचारून तिथपासून दोन तास मोजले. बहुतेक ठिकाणी "जेवण झालं का?" एवढंच विचारतात.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. अँटिथ्रॉम्बिन ६२ टक्के. रिपोर्टवर पद्धत छापलेली होती, "थ्रॉम्बिन आधारित", आणि खाली पेशंट रिव्हारोक्साबॅन घेत असल्याची नोंद होती. पुढच्या डॉक्टरला आकडा वाचताना याहून काय हवं? व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवायच्या आधी मॅडमनी फोन केला. आकडा कमी आहे, घाबरून जाऊ नका, लघवीतल्या प्रथिनाशी तो जुळतो आहे, डॉक्टरांना आजच दाखवा, असं पाच मिनिटं बोलल्या. मी विचारलं, प्रथिन किती आहे हेही मोजून घ्यायचं का, म्हणजे गळतीमुळे किती आणि साखर चिकटल्यामुळे किती हे वेगळं कळेल? त्या म्हणाल्या, "मॅडम, कळेल थोडंफार. पण काकांचं औषध त्याने बदलणार नाही." मला जाणून घ्यायची फार इच्छा होती, तरी त्यांचं म्हणणं पटलं. पैसे दादाचे होते आणि सुईही त्यालाच टोचणार होती.

आणखी एक गोष्ट. त्या पहिल्या दिवशीच्या तपासण्यांत दादाचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, मूत्रपिंडाच्या आजारात निघतंच. एचबीएवनसीच्या रिपोर्टखाली त्यांनी लिहून दिलं की रक्तक्षय असल्यामुळे हा आकडा एकटा धरू नये, घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींबरोबर वाचावा. लोहाची कमतरता असली तर एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि लाल पेशी लवकर नष्ट होत असल्या तर खोटा कमी दिसू शकतो. दादाच्या डॉक्टरांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली.

डॉक्टरांनी पुढे काय केलं तेही सांगते, कारण तपासणीचा उपयोग तिथेच कळतो. रिव्हारोक्साबॅनला काम करायला अँटिथ्रॉम्बिन लागत नाही, ते टेन-ए ला थेट अडवतं. म्हणून गोळी तीच ठेवली. आधी ती काही महिन्यांनी थांबवायचा विचार होता. आता लघवीतलं प्रथिन खाली येईपर्यंत चालू ठेवायची ठरली, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या औषधांत बदल झाला. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, की पुढे कधी ऑपरेशन किंवा हॉस्पिटलची वेळ आली तर हेपरिन देताना अँटिथ्रॉम्बिन कमी असल्याचं लक्षात घ्यावं. पहिल्या रिपोर्टवर विसंबून राहिलो असतो तर यातलं काहीही झालं नसतं, आणि कदाचित गोळी लवकर बंद झाली असती. हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

आता त्रुटी. लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सुजलेल्या पायाने दादाला जिना चढवताना आमचे हाल झाले. खाली येऊन रक्त घेतात का विचारलं, तर आधी कळवलं तर गाडीत येऊन घेतो म्हणाले. ही सोय पाटीवर लिहिलेली नाही, ती लिहायलाच हवी. मधुमेहाचे पेशंट म्हणजे गुडघे, पाय, डोळे यांच्या तक्रारी असलेले लोक, त्यांच्यासाठी जिना हा मोठा अडथळा आहे. सकाळी साडेसात ते नऊ बसायला जागा मिळत नाही आणि उपाशीपोटी आलेले म्हातारे लोक जिन्यात उभे असतात. टोकन दिलं तर हा गोंधळ एका दिवसात मिटेल. फोन पुष्कळदा लागत नाही. आणि रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. मॅडम तोंडी इतकं छान मराठीत समजावतात, तेच दोन ओळींत मराठीत छापून दिलं तर वहिनीसारख्यांना प्रत्येक वेळी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. दर मध्यम आहेत; साध्या तपासण्यांना कंपन्यांच्या सवलतीच्या दरापेक्षा थोडे जास्तच पडतात. मी आनंदाने देते.

जाणार असाल तर काही सूचना. टिळक रोडला गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर निघू नका. रिक्षाने या किंवा मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून पुढे रिक्षा करा, पाय चांगले असतील तर चालत. साधी साखर किंवा एचबीएवनसी असेल तर साडेनऊनंतर गेलात तरी चालेल, एचबीएवनसीला उपाशी राहायची गरजच नसते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, रक्त पातळ करायची तर नक्कीच, आणि ती शेवटची कधी घेतली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. पोटावर टोचायच्या इन्शुलिनच्या इंजेक्शनबरोबर घरी किंवा हॉस्पिटलमध्ये हेपरिनचं इंजेक्शनही चालू असेल तर तेही सांगा, पुष्कळ लोक इंजेक्शनला औषध धरतच नाहीत. गोठण्याच्या तपासण्यांसाठी आदल्या दिवशी कळवावं लागतं, आणि गोठवून पाठवायचे नमुने शनिवारी घेत नाहीत, कारण रविवारी ते पलीकडे उतरवून घ्यायला कुणी नसतं. दादाची पुढची तपासणी लघवीतलं प्रथिन कमी झालं की करायची आहे. ती मी इथेच करणार, त्याच किटवर.